आमचे अनारसे हसले!

आमचे अनारसे हसतात, ही बातमी आमच्या सोसायटीच्या तिन्ही इमारतींत पसरायला उणीपुरी पंधरा मिनिटे लागली. ती पसरवणारा इसम म्हणजे प्रस्तुत लेखक. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेला आणि गेली अठरा वर्षे कॉलेजात मुलांना अलंकार शिकवणारा.

ज्या वाचकांच्या घरी अनारसे थेट मिठाईवाल्याच्या खोक्यातून येतात, त्यांना यात वावगे काय हे कदाचित उमगणार नाही. त्यांच्यासाठी सांगतो. पिठात गूळ जरासा जास्त पडला की अनारसा तुपात टाकल्याबरोबर फुटतो, विरतो आणि कढईभर त्याचा चुरा होऊन बसतो. याला बायका ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. त्या वेळी घरातले दुसरे कोणीही हसत नाही.

पण हे सारे आरंभापासून सांगायला हवे.

२०२३ च्या मार्चमध्ये आमच्या हिची नोकरी गेली. एका खासगी कचेरीत ती चौदा वर्षे हिशेब लिहीत होती. कचेरीने नवी संगणक-प्रणाली आणली, चार माणसांचे काम एक माणूस करू लागला, आणि उरलेल्या तिघांत ही होती. माझी नोकरी विनाअनुदानित कॉलेजातली. पगार वेळेवर झाला तर आम्ही घरी शिरा करतो, एवढे सांगितले की पुरे. घराचे हप्ते अजून नऊ वर्षांचे उरले होते आणि कन्या नुकतीच अकरावीच्या उंबरठ्यावर आली होती.

योगायोगाने त्या वर्षी अधिक श्रावण आला. जावयाला अनारशांचे वाण द्यायचे म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हिच्याकडून तेहतीस अनारसे करून घेतले. त्यांचे पाहून आणखी सहा घरांनी मागितले. अधिक महिना सरला तेव्हा हिने सगळा जमाखर्च मांडला आणि म्हणाली, “अहो, दिवाळीला तयार पीठ विकूया. तळण्याची दगदग नाही, आणि पीठ टिकतंही.” पीठ करणे तिच्याकडे, पिशव्या भरणे कन्येकडे आणि जाहिरात माझ्याकडे, अशी खातेवाटणी झाली.

जाहिरातखाते मिळाल्यावर मी फुशारलो नसतो तरच नवल. पण तीन रात्री कागद खरडूनही माझ्याच्याने एक ओळ धड होईना. जे लिहावे ते एकतर निबंधासारखे होई, नाहीतर श्रद्धांजलीसारखे. शेवटी कन्या म्हणाली, “बाबा, यंत्राला विचारा ना!” यंत्र म्हणजे चॅटजीपीटी. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर ते लोकांसाठी खुले झाले होते, आणि आमच्या कॉलेजातल्या मुलांचे निबंध एकाएकी सुबक का होऊ लागले याचा उलगडा मला त्याच सुमारास झाला होता. त्यामुळे माझे त्याच्याशी आधीच वाकडे होते. पण गरजवंताला कसले वाकडे आणि कसले सरळ!

कन्येने आईला विचारले, “आपल्या पिठाचं वैशिष्ट्य काय?” आई कणीक मळता मळता म्हणाली, “आपल्या पिठाचे अनारसे हसत नाहीत, एवढंच लिही.” कन्येने ते जसेच्या तसे यंत्राला सांगितले. यंत्र बिचारे अदबशीर. जाहिरातीत नकारात्मक वाक्य असू नये, असा सल्ला देऊन त्याने ते सुधारून दिले: “या दिवाळीत घरी आणा हसरे अनारसे! आमच्या पिठाचा प्रत्येक अनारसा हसेल आणि तुम्हालाही हसवेल!”

आता खरे सांगतो. हे वाचून मी खूश झालो. आजीच्या तोंडी ‘अनारसा हसला’ हे लहानपणी मी शंभरदा ऐकले होते. पण त्या क्षणी मला आजी आठवली नाही, चेतनगुणोक्ती आठवली. निर्जीव अनारशावर सचेतनाचा आरोप! वर्गात उदाहरण म्हणून सांगावे असे. मी ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर धाडून दिले आणि आंघोळीला गेलो.

बाहेर येतो तो दूरध्वनीवर काकू. “अगं, खरंच का हसतात तुझे अनारसे? मग मी बाई यंदा बाजारातलंच पीठ आणते!” संध्याकाळपर्यंत चार घरांनी मागणी परत घेतली. दोन पातेल्यांत सहा किलो तांदूळ भिजत होता. त्याचा दुसरा दिवस होता. तांदूळ काही परत कोरडा होऊन डब्यात जाऊन बसत नाही. ही मला एक अक्षर बोलली नाही. आमच्या संसारात ही सर्वांत वाईट अवस्था समजतात.

रात्री मात्र तिने स्वतः मोबाइल हातात घेतला आणि मला न दाखवता लिहिले: “सकाळची जाहिरात आमच्याकडच्या पुरुषमाणसाने लिहिली होती. आमच्या पिठाचे अनारसे हसत नाहीत. हसले तर उरलेले पीठ घेऊन या, सगळे पैसे परत देईन.” दुसऱ्या दिवशी गेलेली चारही घरे परत आली, वर सात नवी आली. काकूंनी दोन किलो मागितले.

मराठीचा अध्यापक म्हणून मला हे फार लागले. जाहिरात हा काही आपल्याकडचा नवा प्रकार नव्हे. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्या काळात किर्लोस्करांना नांगर खपवायचे होते. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती मुळात कारखान्याची खबर देण्यासाठीच. त्यातून मराठीतले एक नामांकित मासिक उभे राहिले, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. पण नांगराची खबर लिहिणाऱ्याला नांगर ठाऊक होता. मला अनारसा ठाऊक नव्हता, आणि यंत्राला तर मुळीच नव्हता.

त्यानंतर ईर्ष्येने मी या यंत्राची थोडी माहिती करून घेतली. ते काही विचार करून बोलत नाही. जगातला अफाट मजकूर त्याच्यापुढे घालून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, एवढे त्याला घोटून शिकवलेले असते. ‘हसणे’ या शब्दाच्या आसपास आनंद, दिवाळी, मुले हेच बहुतेकांनी लिहिलेले; कढईतला चुरा लिहून ठेवायला कोणत्या बाईला सवड होती? म्हणून त्याला सगळ्यांसारखे बोलता येते, आणि आपल्यासारखे बोलायचे तर आधी आपण त्याला सांगावे लागते.

ही गोष्ट कळल्यावर माझी रीत बदलली. आता मी त्याला एकदम ‘जाहिरात लिही’ म्हणत नाही. आधी म्हणतो, “तुला काय काय माहिती हवी ते एकेक करून विचार.” त्याचे प्रश्न मी हिला विचारतो, हिची उत्तरे तिच्याच शब्दांत त्याला देतो, आणि बजावतो की याबाहेरचे एक अक्षर घालायचे नाही. इतके बजावूनही ते हात चालवतेच. पिशवीवरच्या मजकुरात एकदा त्याने ‘तीन पिढ्यांची परंपरा’ लिहिली. आमचा धंदा तीन महिन्यांचा! एकदा तर ‘मधुमेहींसाठी उपयुक्त’ असे ठोकून दिले. निम्मा गूळ असलेले पीठ! २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. आमचे सबंध भांडवल त्या वेळी अकरा हजार होते. ते वाक्य हिने खोडले, आणि पिशवीवर नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, वजन, तारीख आणि घटक एवढेच ठेवले.

चित्राचीही तीच कथा. यंत्राने काढलेला अनारसा मेदूवड्यावर तीळ पेरल्यासारखा दिसत होता. कृतीच्या पत्रकात त्याने ‘दोन्ही बाजूंनी खरपूस तळा’ असे लिहिले. अनारसा उलटायचा नसतो. खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्याने वरून तूप उडवायचे, हे मला तरी तोवर कुठे ठाऊक होते? शेवटी खिडकीच्या उजेडात, स्टीलच्या ताटलीत, हिच्या खऱ्या अनारशांचे छायाचित्र कन्येने काढले. जाळी त्यात स्पष्ट दिसते. मात्र बंगलोरच्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत पत्र लिहिणे, मागण्यांची यादी इमारतवार लावणे, पोच कळवणारा मजकूर तयार करणे, ही कामे ते झटक्यात करते. गिऱ्हाइकांचे पत्ते आणि नंबर तेवढे आम्ही त्याच्या हाती देत नाही.

पण या यंत्राचे मला जे खरे देणे लागते ते याहून निराळे आहे.

२०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. किलोला १४० रुपये भाव बरा आहे का, असे मी त्याला विचारले. तांदूळ, गूळ, वीज, पिशवी, सगळे मिळून ९२ रुपये पडत होते. त्याने उलट विचारले, “एका किलोमागे किती वेळ जातो, आणि त्या वेळेचा मोबदला तासाला किती धरायचा?”

मी प्रश्न मोठ्याने वाचला. ही हसून म्हणाली, “माझे कसले तास? घरातलंच तर काम.” चौदा वर्षे दुसऱ्यांचा पै-पैचा हिशेब लिहिलेली ही बाई! कन्येने कागद घेतला. तांदूळ धुणे, तीन दिवस पाणी बदलणे, सावलीत पसरणे, दळणे, चाळणे, गूळ किसून मळणे. पाच किलोंच्या एका खेपेला आठ तास भरले. १४० वजा ९२, म्हणजे उरले ४८. त्याला लागले एक तास छत्तीस मिनिटे. ही तासाला तीस रुपयांवर राबत होती.

स्वयंपाकघरात बराच वेळ कोणी बोलले नाही. मला वाटत होते ते निराळेच. लग्नाला एकवीस वर्षे झाली, त्यात हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता. विचारला तो यंत्राने. आणि त्यालाही त्यात काही विशेष केले असे वाटले नसणार, कारण हिशेबाच्या पुस्तकांत तो प्रश्न असतोच.

“ऐंशी धरा,” ती अखेरीस म्हणाली. इतक्या हळू, जणू काही उसने मागत होती. भाव २२० झाला.

अडतीस घरांपैकी अकरा घरे तुटली. त्यांत काकूही होत्या. “इतकी महागाई घरच्या माणसाला?” असे त्या जिन्यात म्हणाल्या, आणि हिला ते दोन रात्री डाचत राहिले. भाव उतरवावा का, असे तिने मला विचारलेसुद्धा. मी यंत्राकडे वळणार तोच म्हणाली, “त्याला नका विचारू. त्याला काकू कुठे ठाऊक आहेत?” भाव तिने उतरवला नाही. काकूंना मात्र भाऊबीजेला ताटलीभर तयार अनारसे झाकून पाठवले. त्याचे पैसे घेतले नाहीत, पण तास वहीत मांडले.

ती वही आता ओट्याशेजारी खिळ्याला टांगलेली असते. त्यात माझ्या नावाचाही एक रकाना आहे. जाहिरातीखाली अजून काही जमा नाही. खाली ‘पाणी बदलणे’ एवढे एक काम लिहिले आहे. हा लेख लिहिता लिहिता दहा वाजून गेले. आज तांदळाचा दुसरा दिवस. उठायला हवे.