'आजीला चालवते' : प्रयोजक क्रियापद की शक्य क्रियापद?

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठवड्याने घरच्या ग्रुपवर मावशीचा मेसेज येतो : "आजीला थोडे चालवते." आजी स्वतः चालू लागली, की मावशी तिला हाताला धरून चालवते आहे? बातमी नेमकी कोणती?

हा घोळ 'व' या अक्षराचा आहे. 'चाल' या धातूला 'व' जोडून मराठीत दोन वेगळी क्रियापदे बनतात.

प्रयोजक क्रियापद : कर्ता ती क्रिया दुसऱ्याला करायला लावतो. "मावशी आजीला चालवते." चालते आजी, पण चालवणारी मावशी. हसवणे, रडवणे, झोपवणे ही याच जातीची.

शक्य क्रियापद : कर्त्याला ती क्रिया करणे जमते. "आजीला आता चालवते." म्हणजे तिच्या पायांत तेवढी ताकद आली.

फसायला होते ते 'आजीला' या शब्दामुळे. पहिल्या वाक्यात तो कर्म आहे, दुसऱ्यात 'ला' लागूनही कर्ताच. त्यात मराठीत कर्ता गाळायची सवय. 'मावशी' गाळली की दोन्ही वाक्ये सारखीच दिसतात.

ओळखायचे कसे?

'चालू शकते' असे म्हणून अर्थ तोच राहिला, तर शक्य. 'चालायला लावते' हे बसले, तर प्रयोजक. स्पर्धा परीक्षेतही ही युक्ती कामी येते.

कानही मदत करतो. बोलताना मावशी आजीला 'चालवते', पण आजीला आता 'चालवतं'. प्रयोजकात क्रियापद मावशीप्रमाणे स्त्रीलिंगी होते. या शक्य वाक्यात ते नपुंसकलिंगी राहते. लेखी भाषेत 'चालवतं'चे 'चालवते' होते आणि फरक पुसला जातो.

नकारात मात्र कानही हरतो. "आजीला चालवत नाही" दोन्ही अर्थांनी सारखेच ऐकू येते. शक्य क्रियापद तर बहुतेकदा नकारातच भेटते : बघवत नाही, सोसवत नाही, जेववत नाही.

काही धातूंची रूपे मुळातच वेगळी असतात, तिथे प्रश्न येत नाही. "आई बाळाला दूध पाजते" हे प्रयोजक, "बाळाला दूध पिववत नाही" हे शक्य.

म्हणून तब्येतीची बातमी कळवताना 'आजी आता स्वतः चालू शकते' असे लिहिलेले बरे. व्याकरण दोन्हींना मान्यता देते, पण लांब बसून वाट पाहणाऱ्याला एकच अर्थ हवा असतो.