हात उगारण्यापूर्वी

कौटुंबिक हिंसा म्हटली की दारूच्या नशेत धिंगाणा घालणारा नवरा आणि अंगावरचे वळ पदराखाली झाकणारी बायको एवढेच चित्र आपल्या मनापुढे उभे राहते; आणि या चित्रात न बसणारी जी घरे आपल्या आळीत, आपल्या नात्यागोत्यात सुखाने नांदताना दिसतात, त्यांच्याविषयी आपण निःशंक असतो. वस्तुतः हात उगारला जातो तो पुष्कळदा उशिरा. त्यापूर्वीच त्या घरावर एका माणसाचा अंमल बसलेला असतो.

हा अंमल मायेचे रूप घेऊन येतो. पगार तिचा, पण एटीएमचे कार्ड त्याच्या खिशात. कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत हिशेब द्यायचा. आईचा फोन आला तर स्पीकर लावूनच बोलायचे. मैत्रिणी एकेक करून वाईट वळणाच्या ठरायच्या, आणि माहेरचा मुक्काम चार दिवसांवरून एका दुपारवर यायचा. चारचौघांत साधा प्रश्न विचारला तरी उत्तरापूर्वी जी नवऱ्याच्या मुद्रेकडे पाहते, तिच्याविषयी आप्तांनी सावध व्हावे. मारानंतरची क्षमायाचना आणि नवी साडी यांनी भुलू नये. आणि एकदा जरी गळा आवळला गेला, तरी तो जिवावरच्या संकटाचा इशारा समजावा.

हेतूच्या थोरवीनेही हिंसा पावन होत नाही. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्याचे श्रेय त्यांचे पती गोपाळराव यांना आपण मोकळ्या मनाने देतो. परंतु बालवयात त्यांच्या हातून सोसलेल्या माराची आठवण आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांनाच पत्राने करून दिली होती, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो.

1983 साली दंडसंहितेत आलेल्या 498-अ कलमाने सासरच्या छळाविरुद्ध फौजदारी फिर्यादीचा मार्ग खुला झाला. पण नवऱ्याला तुरुंगात धाडण्यापेक्षा डोक्यावरचे छप्पर राखण्याची निकड जिला अधिक, तिची दाद 26 ऑक्टोबर 2006 पासून अंमलात आलेल्या 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने घेतली. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही छळांना तो हिंसा मानतो; घटस्फोट न मागताही राहत्या घराचा हक्क, खर्चाची रक्कम आणि मुलांचा तात्पुरता ताबा दंडाधिकाऱ्यांकडे मागता येतो. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांत पडावी, असे कायदा म्हणतो. कचेऱ्यांची चाल निराळी, हे सांगायला नको.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्क्यांनी कोणाकडे मदत मागितल्याचे आढळले. म्हणूनच या कायद्याचे चौथे कलम शेजाऱ्यांनी अवश्य जाणावे: या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला खबर देण्यास नात्याची अट नाही, आणि सद्भावनेने ती देणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. महिला हेल्पलाइनचा क्रमांक 181. जिवावर बेतले असेल तर 112.