न दुखणारा आजार

दुखलं की माणूस दवाखान्याची पायरी चढतो. दात ठणकला, पोट मुरडलं, पायात काटा रुतला, की शरीरच आपल्याला उठवून तिथवर नेतं. पण एखादा जंतू ही तक्रारच बंद पाडत असेल तर? कुष्ठरोगाचा जंतू नेमकं हेच करतो.

या दंडगोलाकार जंतूला १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी शोधलं. त्याची चाल थक्क करणारी आहे. तो मज्जासंस्थेत घुसतो, पण मेंदूच्या वाटेला जात नाही. त्याला थंडावा लागतो, म्हणून तो शरीराच्या कडेकडेने राहतो: कानाच्या पाळ्या, नाक, बोटं आणि कातडीलगतच्या नसा. प्रत्येक नसेतल्या तंतूंभोवती, वायरीवर प्लास्टिक असावं तसं, श्वॉन नावाच्या पेशींचं वेष्टण असतं. या पेशींच्या बाहेरच्या आवरणाला जंतू चिकटतो, आत शिरतो आणि मुक्काम ठोकतो. घाई त्याला माहीतच नाही. इतर कित्येक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. प्रयोगशाळेच्या बशीत तर तो आजवर वाढलेलाच नाही. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी कोलकात्यात प्रयोगासाठी हे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले होते, तिथेही ते रुजले नाहीत. पुढे अमेरिकेत आर्माडिलो नावाचा खवल्यांचा प्राणी सापडला. त्याचं अंग आपल्यापेक्षा थंड, त्यात मात्र जंतू सुखाने वाढला.

बोटं झडतात ती जंतू खातो म्हणून, असाच समज होता. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी खरं कारण दाखवलं: बोटांना जाणीव उरत नाही. चुलीवरचं भांडं नुसत्या हाताने उतरवलं जातं, चप्पल चावते, जखम चिघळते, आणि माणूस चालतच राहतो. वेदना ही शरीराची राखणदार आहे, हे या रोगाइतकं स्वच्छ दुसऱ्या कोणी शिकवलं नसेल.

वर्धा जिल्ह्याने हा रोग फार जवळून पाहिला. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं. येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती, संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री, सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांना झोपडी दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केलं. तेव्हा हाताशी होतं ते कडू कवठीच्या बियांचं तेल. खरं औषध, डॅप्सोन, नंतर आलं.

औषध आलं तरी मूळ अडचण होतीच. न दुखणारा चट्टा दाखवायला कोण येणार? १९५१ साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं. डॉ. रा. वि. वारदेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा रस्ता धरला. रोगी येत नाही ना, मग आपण जायचं. गावोगाव घरोघरी तपासणी, लोकांना समजावणं आणि घरीच उपचार. पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने हीच रीत उचलली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बहुऔषधी उपचार ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाले, त्यांत वर्धा होतं. त्यातल्या रिफाम्पिसिनचा एकच डोस बहुतेक सगळे जंतू मारतो. बाकीचे निपटायला सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात.

तपासणीला यंत्र लागत नाही. डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापसाची वात किंवा पेनाचं टोक हलकेच टेकवतात. "लागलं तिथे बोट ठेवा." बोट चुकलं किंवा उठलंच नाही, तर शंका. मग कोपराच्या आतल्या बाजूची ती नस चाचपतात, जिच्यावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. ती दोरीसारखी जाड लागते का, दाबली की दुखते का, ते बघायचं.

२००५ साली देशपातळीवर रुग्णांचं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं. म्हणजे रोग संपला असं नाही, नवे रुग्ण आजही सापडतात. गोळ्या जंतू मारतात, पण मेलेली नस जिवंत करू शकत नाहीत. फिक्कट किंवा लालसर चट्टा खाजत नसेल, दुखत नसेल, तर तो दाखवायचा. इथे न दुखणं हेच दुखणं.