गच्चीवरचा ओटा आणि चार महिन्यांची ओल

निगडी प्राधिकरणातले बंगले, रावेतकडची रो-हाउसेस, नव्या इमारतींतल्या वरच्या मजल्यांना जोडलेल्या गच्च्या, सगळीकडे हल्ली बाहेरचं किचन दिसू लागलंय. एक शेगडी, एक सिंक, कोळशाची जाळी किंवा तंदूर, वर पत्रा. उघड्यावर रांधणं आपल्याला नवं नाही. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी येते तेव्हा ऐन पावसाच्या तोंडावर ताडपत्रीखाली मोठमोठी पातेली चढतातच. पण ती चूल दुसऱ्या दिवशी उचलायची असते. कायमचा ओटा बांधायचा म्हटला की हिशेब बदलतो, आणि त्या हिशेबात जे सल्ले कानावर पडतात त्यांतले निम्मे परदेशी व्हिडिओंतले असतात, उरलेले विकणाऱ्याच्या सोयीचे.

‘बर्फालाही टिकेल असं मटेरियल घ्या, मग कशालाही टिकेल’

थंड मुलखात दगडाच्या आणि टाइलच्या छिद्रांत शिरलेलं पाणी गोठतं, गोठताना साधारण 9 टक्क्यांनी फुगतं आणि दगड आतून फोडतं. तिकडच्या बांधकामाची निम्मी अक्कल या एका गोष्टीभोवती फिरते. आपल्याकडे काय? पुणे वेधशाळेच्या नोंदींत आजवरचं सर्वांत कमी तापमान 1.7 अंश आहे, 17 जानेवारी 1935 चं. म्हणजे नोंदी आहेत तोवर तरी पारा शून्याला शिवलेला नाही. ‘फ्रॉस्टप्रूफ’ या शब्दापायी जास्तीचे पैसे मोजणं म्हणजे इथे न येणाऱ्या ऋतूची तयारी करणं.

इथला शत्रू जून ते सप्टेंबर येतो. शिवाजीनगरला वर्षाचा पाऊस सरासरी 700-750 मिलिमीटर, तर साठेक किलोमीटरवरच्या लोणावळ्यात 4000 च्या पुढे. आपलं चिंचवड या दोन्हींच्या मधे, पण पुण्याच्या बाजूला झुकलेलं. आकडा फार मोठा नाही. त्रास वेगळाच आहे: या चार महिन्यांत काहीच पुरतं वाळत नाही. पडून वाहून गेलेलं पाणी कुणाचं फारसं बिघडवत नाही. सांध्यात, स्क्रूच्या डोक्याखाली, पत्र्याच्या दुमडीत अडकून राहिलेलं पाणी बिघडवतं. त्यामुळे बाहेरचा ओटा बघताना मी मटेरियलचं नाव नंतर विचारतो. आधी विचारतो, पाणी जाणार कुठून?

पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा ती बाजू भिंतीने किंवा जाळीच्या विटांनी अडवायची आणि पत्रा ओट्याच्या पुढे निदान दोन-अडीच फूट काढायचा. ओट्याला मागे नव्हे, पुढे किंचित उतार हवा. मीटरला एक सेंटिमीटर पुरतो. आणि दगडाच्या पुढच्या कडेच्या खालून एक बारीक खाच मारून घ्यायची, म्हणजे ओघळ तिथेच तुटतो आणि खालच्या कपाटांवर उतरत नाही. हे काम कटरवाल्याला काही मिनिटांचं. पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

‘चुंबक चिकटला नाही, म्हणजे स्टील अस्सल’

कारखान्यांच्या गावात हा समज टिकून राहावा याचं खरं तर नवल वाटायला हवं. चुंबक न चिकटणं हा स्टीलच्या आतल्या रचनेचा गुण आहे, दर्जाचा दाखला नव्हे. 304 ग्रेडमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, आणि त्याला चुंबक चिकटत नाही. पण 202 लाही चिकटत नाही. त्यात निकेल बरंच कमी करून त्याजागी स्वस्त मँगनीज घातलेलं असतं. बाजारात ‘जे-फोर’ नावाने जो पत्रा मिळतो त्यात तर निकेल 1 टक्क्याच्या आसपासच. तोही चुंबकाच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास. उलट अस्सल 304 चा पत्रा बेंडिंग मशीनवर वाकवला की त्या काठावर चुंबक हलकेच ओढला जातो, कारण थंड अवस्थेत वाकवल्याने रचना थोडी बदलते. म्हणजे या परीक्षेत चांगला माल नापास आणि हलका पास असंही होऊ शकतं.

मग ओळखायचं कसं? फॅब्रिकेटर मंडळींकडे टेस्टिंगचं द्रावण असतं. एक थेंब टाकून छोटी बॅटरी लावली की जास्त मँगनीजचा पत्रा लाल रंग दाखवतो. खात्रीच हवी असेल तर कापलेला तुकडा घेऊन स्पेक्ट्रो टेस्ट करून घ्यावी. एमआयडीसीच्या परिसरात राहण्याचे जे थोडे फायदे आहेत त्यांतला हा एक: ज्या टेस्टसाठी इतर गावांत वणवण करावी लागेल ती इथे दोन चौकांवर होते.

दुसरं टोक म्हणजे 316. त्यात 2-3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत ते खरोखर उपयोगी पडतं. रत्नागिरीला समुद्रासमोर ओटा बांधणार असाल तर जरूर घ्या. चिंचवडला 304 पुरेसं आहे. वाचलेले पैसे जाडीत घाला: वरचा पत्रा 16 गेज, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास, असला की तो पिचत नाही आणि त्यावर पाण्याची डबकीही साठत नाहीत.

तरीही 304 वर पहिल्याच पावसात तांबूस ठिपके येतात, मग घरमालक फॅब्रिकेटरला फोन करतो आणि भांडण होतं. बऱ्याचदा दोघेही चुकत असतात. तो गंज त्या पत्र्याचा नसतोच. शेजारी लोखंडी ग्रिल किंवा शेडचा सांगाडा कापताना ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, लोखंडाचे बारीक कण स्टीलवर रुतून बसतात आणि पाऊस पडला की ते कण गंजतात. म्हणून शेडचं लोखंडी काम पूर्ण आटोपल्यावरच स्टीलचा ओटा गच्चीवर चढवायचा. एकाच ग्राइंडरचं चाक लोखंडाला आणि स्टीलला वापरू द्यायचं नाही. लोखंडी काथ्यानेही घासायचं नाही. आर्गन वेल्डिंगच्या सांध्याशेजारी जो निळा-तपकिरी पट्टा उमटतो तो शोभेचा नसतो. तिथलं संरक्षक कवच भाजून गेलेलं असतं. पिकलिंग पेस्ट लावून तो पट्टा काढून घ्यावा. ती पेस्ट जहाल असते, तेव्हा हे काम वर्कशॉपमध्येच होऊ द्या, घरी नको.

आणि फरशी धुवायला आणलेलं ॲसिड! टाइलवरचे सिमेंटचे डाग काढायला मजूर ते सर्रास ओततात. त्याची वाफसुद्धा स्टीलला खड्डे पाडते. गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशीची ही साफसफाई किती ओटे खाते याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

स्क्रूचं तर कोणी बोलतच नाही. हजारो रुपयांचा 304 चा पत्रा आणि तो बसवायला जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी स्क्रू, हा प्रकार नेहमीचा. दोन धातू ओलीत एकमेकांना चिकटून असले की हलका धातू आधी झिजतो. इथे स्क्रू लहान आणि पत्रा मोठा, म्हणून झीज फार वेगाने होते. बोल्टच्या डोक्यावर ‘ए2’ असं कोरलेलं असेल तर तो 304 च्याच जातीचा. तेच मागा.

‘काळा कडप्पा सगळं सोसतो’

कडप्पा सोसतो, पण लिंबू सोसत नाही. कडप्पा, शहाबाद आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो यांच्या आम्लाने त्यांची चकाकी जाते आणि पांढुरके डाग पडतात. ते डाग पुसून जात नाहीत, कारण तिथला दगडच विरघळलेला असतो. कपाटांच्या आतल्या फळ्यांना कडप्पा उत्तम. पायाखाली खरबरीत शहाबाद उत्तम, पावसात पाय घसरत नाही. ओट्याच्या वर मात्र ग्रॅनाइट. दुकानात नमुन्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. डाग उमटला तर समजायचं.

घरातल्या किचनमध्ये मिरवणारा पांढरा कृत्रिम क्वार्ट्झ बाहेर लावू नये. तो राळेने बांधलेला असतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ही राळ पिवळी पडते. आणि ग्रॅनाइट शक्यतो फिकट रंगाचा घ्या. मे महिन्यातल्या दुपारी काळ्या ओट्यावर हात ठेवून पाहिलेल्याला कारण सांगावं लागणार नाही.

तंदूर किंवा भट्टीच्या आतल्या बाजूला साधी वीट-सिमेंट चालत नाही. 300 अंशांच्या पुढे काँक्रीटची ताकद घसरू लागते. फायर ब्रिक लावावी, आणि ती इथे मिळायला अडचण नाही. पट्ट्यातल्या फाउंड्र्या आणि हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या तिच्यावरच चालतात.

‘उघड्यावर आहे, गॅस गळला तरी उडून जाईल’

या यादीतला हाच एक समज असा आहे की ज्याची किंमत पैशांत होत नाही. सिलिंडरमधला एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड असतो. तो उडत नाही, खाली बसतो. गच्ची कितीही मोकळी असली तरी सिलिंडर ओट्याखालच्या बंद कपाटात असेल, तर त्या कपाटापुरती ती खोलीच झाली. कपाटाच्या दाराला किंवा बाजूला अगदी तळाशी जाळीची खिडकी हवी. ती वरच्या बाजूला ठेवून भागत नाही. सिलिंडर उभा, सावलीत, जमिनीच्या पातळीवर. खड्ड्यात कधीच नाही. नळी सुरक्षा होज असावी, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि पाच वर्षांनी बदलायचीच. बाहेरच्या उन्हात ती रोज तपासलेली बरी.

एमएनजीएलचा पाइपने येणारा गॅस याच्या उलट: हवेपेक्षा हलका, वर जातो. तिथे जाळी वरही हवी. शिवाय एलपीजीची शेगडी जशीच्या तशी या गॅसवर चालत नाही, तिचे जेट बदलावे लागतात. आणि ही लाइन स्वतःच्या प्लंबरकडून गच्चीवर वाढवून घ्यायची नसते. ते काम कंपनीकडूनच.

विजेबाबत दोनच वाक्यं. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. ओल्या हातांच्या जागेला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवंच.

‘गच्चीवर एक ओटाच तर आहे’

लोकांच्या वावराच्या गच्चीसाठी भारतीय मानक 875 मध्ये दर चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने 150 किलो, इतका भार धरलेला असतो. विटांच्या बांधकामाचा एक घनमीटर पावणेदोन-दोन टनांच्या घरात जातो. आठ फुटी भरीव ओटा आणि त्यावर विटांची भट्टी म्हणजे काय होतं, ते गणित घरचं मूलही करेल. स्टीलचा सांगाडा वापरा, किंवा बीमच्या रेषेवर हलके एएसी ब्लॉक लावून त्यांना नीट प्लास्टर करा, कारण ते ब्लॉक पाणी पितात. स्ट्रक्चरल इंजिनिअरची एक फेरी आधी करा. आणि शेडचे खांब रोवायला गच्चीच्या कोब्यात भोकं पाडू नका. वॉटरप्रूफिंग एकदा फुटलं की पुढच्या पावसात खालच्या घरातलं छत ठिबकतं, आणि तेव्हा ओट्याची चर्चा सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाते. सोसायटीची गच्ची सामाईक असते, आणि कायमच्या शेडला महापालिकेची परवानगी लागते, हेही तिथेच कळतं.

मरीन प्लायबद्दलही बोलायला हवं. त्यातला डिंक उकळत्या पाण्यात टिकतो हे खरं, पण लाकूड ते लाकूडच; कापलेल्या कडेतून ओल शिरली की ते फुगतं. आणि पावसाळाभर सगळं घट्ट ताडपत्रीत गुंडाळून ठेवणाऱ्यांनी सप्टेंबरात ती उघडून पाहावी: आत कोंडलेल्या दमट हवेने बाहेरच्या पावसापेक्षा जास्त नुकसान केलेलं असतं. झाकायचं तर वरून, बाजू मोकळ्या ठेवून.

बांधकाम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात प्लास्टर वाळण्याआधीच तडकतं, पावसाळ्यात सांधे वाळतच नाहीत. काम झाल्यावर, शेवटचा हप्ता देण्याआधी, ओट्यावर एक बादली पाणी ओता आणि दहा मिनिटांनी येऊन पाहा. कुठेही डबकं दिसलं तर हप्ता थांबवा.