पाच जण, पाच गुन्हे

भुताचा पिक्चर म्हटलं की पांढरी साडी आणि करकरणारं दार आठवतं. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' (१९७२) मध्ये त्यातलं काही नाही, तरी त्या रात्री मी लाइट चालू ठेवून झोपलो.

फ्रेडी फ्रान्सिसचा हा ब्रिटिश पिक्चर. जमिनीखालच्या दफनघरात वाट चुकलेल्या पाच जणांना झग्यातला एक माणूस एकेकाची गोष्ट दाखवतो. या गोष्टी १९५० च्या दशकातल्या 'ईसी' या अमेरिकन कॉमिक्समधल्या. मुलं बिघडतात म्हणून १९५४ मध्ये तिथे सिनेटपुढे सुनावणी झाली, प्रकाशकांनी नियमावली केली आणि ही भयकथांची कॉमिक्स बंद पडली.

गंमत म्हणजे त्या चक्क नीतिकथा होत्या! जसं पाप, तशी शिक्षा. पीटर कुशिंगने शेजाऱ्यांनी छळलेला म्हातारा विधुर केलाय. त्याची खरी बायको १९७१ मध्येच वारली होती. तो अभिनय वाटतच नाही.

शेवटची गोष्ट अंधांच्या आश्रमाची. नवा अधीक्षक जेवण आणि हीटिंगचा खर्च कापतो, स्वतः मात्र कुत्र्यासह ऐषआरामात. एक जण मरतो. मग बाकीचे गुपचूप अरुंद बोळ बांधतात, भिंतींना ब्लेड लावतात आणि दिवे घालवतात. मागे त्याचाच उपाशी कुत्रा!

कॉमन रूममध्ये आम्ही मेसच्या पातळ आमटीवरून जोक मारत होतो. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "त्यांनी आधी तक्रार केली होती रे. ऐकलं नाही कुणी."

सगळे गप्प. भुतापेक्षा मला तेच जास्त लागलं.