जागा तेवढीच, उत्पादन जास्त: लीनबद्दलचे गैरसमज

डहाणू तालुक्यात कारखाना वाढवायचा म्हटले की पैशाच्या आधी जागेचा प्रश्न उभा राहतो. 20 जून 1991 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, अख्ख्या तालुक्यात उद्योगांसाठी 500 एकरांची मर्यादा घातली आणि ‘लाल’ गटातल्या प्रदूषणकारी उद्योगांना दार बंद केले. माझ्या मते हे योग्यच झाले. चिकूच्या वाड्यांना आणि किनाऱ्याला त्या अधिसूचनेचा मोठा आधार आहे. पण मग फुगे बनवणाऱ्या, चिंचणी-वरोरकडे दागिन्यांच्या डाय घडवणाऱ्या किंवा चिकूचे चिप्स सुकवणाऱ्या छोट्या उद्योजकाने वाढायचे कसे? आहे त्या शेडमध्ये, आहे त्या माणसांनिशी, नासाडी कमी करून. लीन मॅन्युफॅक्चरिंग हेच शिकवते, पण तिच्याकडे वळण्याआधीच गैरसमज आडवे येतात.

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज असा, की लीन म्हणजे माणसे कमी करायची आणि उरलेल्यांना दुप्पट राबवायचे. शेजारच्या तलासरी तालुक्यातल्या कामगाराला ही धास्ती वाटली तर त्याला बोल लावता येणार नाही. याच तालुक्यातल्या झरी गावी 23 मे 1945 रोजी, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने भरलेल्या किसान सभेच्या परिषदेत, वारल्यांनी वेठबिगार न करण्याचा निर्धार केला. फुकट राबवून घेणे म्हणजे काय, हे इथल्या जुन्या पिढीने अंगावर सोसले आहे. म्हणून स्वच्छ सांगायला हवे: कामगाराचा वेग वाढवणे हा लीनचा हेतू नाही. लीन जिथे घडली त्या टोयोटा कंपनीच्या ताइची ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले. गरजेपेक्षा जास्त उत्पादन, नुसते ताटकळणे, मालाची ने-आण, नको ती प्रक्रिया, पडून राहिलेला साठा, विनाकारण हेलपाटे आणि सदोष माल. या यादीत माणूस कुठेच नाही. उलट ताटकळणे आणि हेलपाटे कामगाराच्याच वाट्याला येतात.

माणसे कमी करून सुधारणा होत नाही, हा धडा टोयोटानेही ठेच लागून घेतला. 1950 मध्ये कंपनी बुडायला आली, कपात झाली, मोठा संप झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. पुढच्याच वर्षी, 1951 मध्ये, कंपनीने कामगारांकडून सूचना मागवण्याची पद्धत सुरू केली. पुढच्या काळात तिच्या सुधारणांना बळ मिळाले ते अशा सूचनांतून. सुचवलेल्या सुधारणेमुळे शेजाऱ्याची नोकरी गेली, तर दुसरी सूचना कोण देईल?

‘हे मोठ्या कंपन्यांचे काम’ या समजाचे उत्तरही याच इतिहासात आहे. 1950 पर्यंतच्या तेरा वर्षांत टोयोटाने 2,685 प्रवासी मोटारी बनवल्या होत्या. फोर्डच्या रूज कारखान्यातून तेव्हा दिवसाला 7,000 गाड्या बाहेर पडत. लीन जन्मली ती टंचाईत, हात आखडलेला असताना.

आता फुग्यांच्या कारखान्यात शिरू. इथला पक्का समज म्हणजे ‘मशीन थांबले की पैसा थांबला’. लेटेक्समध्ये गंधक, रंग आणि इतर रसायने मिसळतात. साचे आधी कॅल्शियमच्या क्षाराच्या द्रावणात आणि मग लेटेक्समध्ये बुडवतात, फुग्याच्या तोंडाची कड वळतात, धुऊन भट्टीतून काढतात आणि शेवटी पावडर लावून फुगे उतरवतात. रंग बदलायचा तर टाकी रिकामी करून धुवावी लागते. त्यात वेळ जातो म्हणून एकच रंग चालवत ठेवायचा मोह होतो. मग गोदामात लाल फुग्यांची पोती छताला टेकतात आणि ऑर्डर येते निळ्याची. शिवाय साच्यावर धूळ राहिली किंवा लेटेक्समध्ये हवेचे बुडबुडे राहिले, तर फुग्याला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. ती पॅकिंगच्या टेबलावर कळली, तर तोवर निघालेली सगळी बॅच रिजेक्शनमध्ये जाते. भट्टीतून निघालेल्या रबराचे पुन्हा लेटेक्स होत नाही.

रंग बदलण्यात जाणाऱ्या वेळेवरचा उपाय जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी दाखवला. 1969 मध्ये टोयोटाच्या 1,000 टनी प्रेसवर साचा बदलायला चार तास लागत. सहा महिन्यांत ते दीड तासावर आले, आणखी तीन महिन्यांत तीन मिनिटांवर. युक्ती साधी होती: मशीन चालू असतानाच करता येण्याजोगी तयारी मशीन बंद पडण्याची वाट न पाहता उरकायची. पुढच्या रंगाचे लेटेक्स गाळून दुसऱ्या टाकीत तयार असेल, पाने आणि ब्रश हाताशी असतील, तर रंग बदलण्याची धास्ती उरत नाही आणि छोटी बॅचही परवडते. भोकांवरही उपाय आहे. किइचिरोंचे वडील साकिची टोयोडा यांच्या 1924 च्या स्वयंचलित मागाचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. आपल्याकडे साच्याजवळ उभ्या असलेल्या बाईला पहिले भोक दिसताच लाइन थांबवायची मुभा हवी, आणि त्याबद्दल तिला कुणी बोल लावता कामा नये.

‘फाइव्ह एस’, म्हणजे कामाची जागा लावून ठेवण्याची लीनमधली पद्धत, ही नुसती झाडलोट आणि भिंतीवरची पोस्टरे, हाही एक समज. डाय घडवणाऱ्याच्या कपाटात शेकडो नक्षी असतात. हवी ती डाय नंबरासकट ठरल्या खणात, हात घालताच सापडली, तर फाइव्ह एस झाले. भिंत रंगवली नाही तरी चालेल.

शेवटचा समज: लीन म्हणजे साठा शून्य. होळीआधी फुग्यांचा साठा करावाच लागतो. टोयोटाने 2011 च्या भूकंपानंतर पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला, तो 2021 च्या टंचाईत कामी आला. कशाचा, किती आणि का, हे ठरवून केलेला साठा लीनमध्ये बसतो. चिकूचेच पाहा. फळ तोडल्यावर पिकते आणि एकदा पिकले की थांबत नाही. ड्रायरच्या ट्रेमध्ये मावेल त्याहून जास्त तोड केली, तर उरलेला माल नासणारच. तोड किती करायची हे ट्रेकडे पाहून ठरवले पाहिजे.

पैशाची सबबही आता फारशी टिकत नाही. केंद्राची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह (लीन) योजना 10 मार्च 2023 रोजी सुरू झाली. तिच्या तीन पायऱ्यांपैकी पहिली मोफत आहे आणि पुढच्या दोन्हींत सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के भार केंद्र उचलते. अट उद्यम नोंदणीची, तीही मोफत होते.

डहाणू-तलासरीतल्या मालकांना एकच विनंती. अर्ज भरण्याआधी सगळ्या पाळ्यांच्या कामगारांना एकत्र बसवा, या सुधारणांमुळे कुणालाही कमी करणार नाही हे लिहून द्या आणि वाचलेल्या पैशातला त्यांचा वाटा किती, तेही त्याच कागदावर मांडा.