अक्षरांना जाडी येते तेव्हा

दुकानांच्या पाट्या पूर्वी पेंटर ब्रशाने रंगवीत असे. आज बाजारातून फेरफटका मारला तर अ‍ॅक्रिलिकची आणि पत्र्याची उठावदार अक्षरे भिंतीपासून बोटभर पुढे आलेली दिसतात. घराच्या दारावरही तशाच नावाच्या पाट्या लागू लागल्या आहेत. अशी अक्षरे आता संगणकावर घडवता येतात. आपल्या घरातील मुलामुलींना हे काम जमेल काय? जरूर जमेल. मात्र त्यात आपल्या लिपीची एक अडचण आहे, ती आधी समजून घेतली पाहिजे.

मूळ युक्ती साधी आहे. संगणकात प्रत्येक अक्षर म्हणजे एक बाह्यरेषा असते. कणकेच्या जाड थरात वाटी दाबली की जाड चकती निघते. तशीच ही रेषा खोल ओढली की अक्षराला जाडी येते. या क्रियेला ‘एक्स्ट्रूड’ म्हणतात. कडा गोलसर करणे म्हणजे ‘बेव्हेल’. ‘ठ’च्या पोटातील पोकळीही तशीच राहते, कारण तिथे आतली दुसरी रेषा असते.

यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. ‘टिंकरकॅड’ इंटरनेटवर फुकट चालते आणि शाळकरी मुलांनाही जमते. ‘ब्लेंडर’ त्याहून मोठे. ते चालविणारी कंपनी २००२ साली बंद पडली, तेव्हा टोन रोझेनडाल यांच्या पुढाकाराने जगभरातील लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते सोडवून घेतले. लोकवर्गणीतून मुक्त झालेले हे साधन आज कोणीही वापरू शकतो.

आता अडचणीकडे वळू. इंग्रजी अक्षरांसाठी घडविलेल्या कित्येक सॉफ्टवेअरना मराठीची जोडणी कळत नाही. ‘शिक्षण’ लिहावे, तर पहिली वेलांटी ‘श’ला सोडून पुढच्या अक्षराजवळ जाऊन बसते आणि ‘क्ष’ फुटून पाय मोडलेला ‘क’ व सुटा ‘ष’ दिसतो.

यावर उपाय आहे. शब्द आधी ‘इंकस्केप’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’सारख्या युनिकोड फॉन्टमध्ये लिहावा. तिथे जोडाक्षरे बरोबर येतात. नंतर ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून अक्षरांच्या रेषा बनवाव्यात. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, म्हणून ‘युनियन’ करून त्या एकजीव कराव्यात. फाइल एसव्हीजी स्वरूपात साठवून ब्लेंडर किंवा टिंकरकॅडमध्ये आणावी आणि मग जाडी द्यावी. शेवटी एसटीएल फाइल काढली की थ्री-डी प्रिंटर वितळलेल्या प्लास्टिकचे थरावर थर देऊन तो शब्द घडवितो.

इथे आपल्या लिपीचा मोठा फायदा दिसतो. इंग्रजी अक्षरे सुटी सुटी पडतात, त्यांना खाली पट्टी लावावी लागते. आपली अक्षरे शिरोरेषेने हातात हात धरून उभी असतात. बहुतेक वेळा सबंध शब्द एका तुकड्यात हाती येतो. अनुस्वार मात्र एकटा पडतो. ‘आनंद’ छापले तर टिंब सुटे निघते आणि हाती ‘आनद’ उरतो. म्हणून जाडी देण्याआधीच टिंब शिरोरेषेला टेकवावे, किंवा सगळ्या शब्दामागे पातळ पाटी द्यावी.

एका टिंबाचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. कारकुनीच्या नोकरीत नावातील एका अनुस्वारापायी दाखल्यासाठी चार-चार खेटे घालणारी माणसे मी पाहिली आहेत. नाव ही माणसाची ओळख आहे. ते कागदावर असो की दारावर, पूर्ण आणि शुद्धच असले पाहिजे.

तेव्हा पालकांनो, मुलांना संगणकाजवळ बसू द्या. पहिला धडा म्हणून त्यांना आईच्या नावाची पाटी करायला सांगा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी राबलेल्या कितीतरी मायमाउल्यांचे नाव कुठल्याच दारावर नाही. ते आपल्या दारावर लागू द्या, आणि त्यातले एकही टिंब गळू देऊ नका.